अर्चिनच्या शुक्राणूला जागं कोण करतं? ऊर्जा, विकरं आणि एक जुना वाद



आजचा विषय फलकावर वाचून एका स्नेह्यांनी दारातच विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस समुद्रातल्या प्राण्याच्या शुक्राणूवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही जीवरसायनाचे अभ्यासक नाही. प्रयोगशाळेत आमच्या हातून कधी काचेची नळीसुद्धा फुटलेली नाही, कारण तिथपर्यंत आम्हाला कुणी जाऊच दिलं नाही. पण सजीव वस्तू हलते ती कशामुळे, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. आणि त्याचं नेमकं उत्तर जिथे शोधलं गेलं अशा मोजक्या जागांपैकी एक म्हणजे हा अर्चिनचा शुक्राणू. म्हणून आजचा इतिहास.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. सागरी अर्चिन म्हणजे साळिंदरासारखे काटे अंगभर असलेला, साधारण मुठीएवढा गोल प्राणी. तारामाशाचा भाऊबंद, कंटकचर्मी वर्गातला. नर आणि मादी आपापली बीजं सरळ समुद्राच्या पाण्यात सोडतात आणि फलन उघड्या पाण्यात होतं. त्यामुळे पेल्यात समुद्राचं पाणी घेतलं तरी सगळा प्रकार डोळ्यांदेखत घडवता येतो. अंडी पारदर्शक असतात आणि शुक्राणू अब्जांनी मिळतात.

आता आजचं कोडं. नराचं वीर्य पाण्यात न मिसळता जसंच्या तसं गोळा केलं, तर ते साईसारखं पांढरं, दाट असतं. प्रयोगशाळेत त्याला 'कोरडं वीर्य' म्हणतात. बर्फावर ठेवलं तर ते तासन्‌तास तसंच राहतं. त्यातले शुक्राणू हलत नाहीत, श्वसन जवळजवळ बंद. त्यातला एक थेंब समुद्राच्या पाण्यात सोडा. तत्काळ सगळे पोहायला लागतात, ऑक्सिजनचा वापर अनेक पटींनी वाढतो. इंधन बाहेरून दिलेलं नाही, कुणी ढकललेलं नाही. मग काय झालं? त्या थेंबात काय मिसळलं की मेल्यासारखी पेशी जिवंत झाल्यासारखी वागायला लागली?

हा प्रश्न आमच्याकडे एका विद्यार्थ्यामुळे आला. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवत होतो की जीवनशक्तिवाद, म्हणजे सजीवात रसायनांपलीकडची काही वेगळी शक्ती असते हे मत, विसाव्या शतकात संपलं. तास संपताना हेच वाक्य यायचं. एके वर्षी प्राणिशास्त्र सोडून तत्त्वज्ञानाकडे आलेला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, मग बर्फावरचा अर्चिनचा शुक्राणू जिवंत की मेलेला?" आम्ही काहीतरी उत्तर दिलं. ते उत्तर बरोबर नव्हतं, हे आम्हालाही ठाऊक होतं आणि त्यालाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू, कारण त्याने अर्चिन खरोखर पाहिला होता. अर्चिनच्या पाच दातांच्या जबड्याला प्राणिशास्त्रात आजही 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात, ते त्याच्याच वर्णनावरून. पण आपल्याला त्याचे दोन शब्द हवे आहेत. पहिला 'एनर्जेया', म्हणजे एखाद्या क्षमतेचं प्रत्यक्ष कार्यात असणं. दुसरा 'एन्टेलेचिया', म्हणजे वस्तू आपल्या पूर्णत्वाला पोचलेली असणं. प्रजननाबद्दल त्याचं म्हणणं असं, की मादी द्रव्य पुरवते आणि नर आकार देतो. सुताराच्या अंगातलं काही लाकडात जात नाही, तरी खुर्ची होते, तसं. आपल्याकडच्या स्मृतिग्रंथांतला बीज आणि क्षेत्र हा विचार काही फार लांबचा नाही. दोन्हीकडे स्त्रीच्या वाट्याला माती आली.

शुक्राणू प्रत्यक्ष पाहिले ते लेव्हेनहूक यांनी, १६७७ साली. पण पाहणं आणि समजणं यांत दीडशे वर्षांहून जास्त अंतर पडलं. 'स्पर्मॅटोझोआ' हा शब्द १८२७ साली कार्ल फॉन बेअर यांनी दिला, आणि गंमत म्हणजे त्यांच्या मते हे वीर्यात राहणारे परजीवी प्राणी होते. शुक्राणू अंड्यात जाऊन नेमकं काय करतो, हे १८७५ च्या वसंतात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर विलफ्रान्श इथे ओस्कार हेर्टविग यांनी अर्चिनच्याच अंड्यात पाहिलं. शुक्राणूचं केंद्रक आणि अंड्याचं केंद्रक जवळ येतात आणि एक होतात. सुतार आणि लाकूड हा दृष्टान्त तिथे संपला. दोन्हीकडून द्रव्य येतं, दोन्हीकडून आकार येतो.

त्याच सुमाराला इटलीत नेपल्सला आन्टोन डोर्न यांनी सागरी जीवशास्त्राचं केंद्र उभारलं. बांधकाम सुरू झालं १८७२ साली. तिथली पद्धत मोठी सोयीची होती. निरनिराळ्या देशांची सरकारं आणि विद्यापीठं तिथलं एकेक टेबल भाड्याने घेत आणि आपले संशोधक पाठवत. टेबलावर रोज ताजे प्राणी मिळायचे. या टेबलांवर दोन तरुण वेगवेगळ्या वेळी बसले, आणि एकाच प्राण्याने त्यांना दोन उलट दिशांना नेलं.

पहिला हान्स ड्रीश. १८९१ साली, नेपल्सला स्थिरावण्याआधी, त्याने ट्रिएस्ट इथे एक प्रयोग केला. अर्चिनचं फलित अंडं एकाचं दोन पेशींत विभागलं गेलं की ते पाण्यात जोरजोरात हलवून दोन पेशी वेगळ्या करायच्या. अपेक्षा अशी, की यंत्र अर्धं तोडलं तर अर्धं यंत्र उरेल. पण अर्ध्या पेशीपासून अर्धा अर्चिन झाला नाही. लहानसा, पण पूर्ण डिंभ तयार झाला. ड्रीश पुढे जवळजवळ दहा वर्षं नेपल्सला येत-जात राहिला, आणि त्याची खात्री पटली की हे कुठल्याही यंत्राला जमणार नाही. अर्धं केलं तरी पुरं होतं, असं यंत्र कुणी पाहिलंय? तेव्हा त्याने ॲरिस्टॉटलचा दुसरा शब्द उचलला. सजीवात 'एन्टेलेकी' असते, असं तो म्हणू लागला. पुढे तो प्रयोगशाळा सोडून तत्त्वज्ञ झाला. १९०७ आणि १९०८ साली ॲबर्डीन इथे त्याने याच विषयावर गिफर्ड व्याख्यानं दिली.

दुसरा ओटो वारबुर्ग. तो १९०८ साली नेपल्सला आला, म्हणजे बघा, ड्रीश स्कॉटलंडमध्ये व्याख्यानं देत होता तेव्हाच. वारबुर्गने अर्चिनची अंडी घेतली आणि फलनाआधी व फलनानंतर ती किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं. फलनानंतर वापर सुमारे सहापट झाला होता. त्याला तत्त्वज्ञानाशी काही देणंघेणं नव्हतं. वाढायला काम लागतं, कामाला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन लागतो, तर मोजा, एवढंच त्याचं म्हणणं. 'एनर्जी' हा शब्द मूळचा ॲरिस्टॉटलचाच, पण १८०७ साली टॉमस यंग यांनी त्याला भौतिकशास्त्राचा अर्थ दिल्यानंतर तो मोजता येऊ लागला होता. श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी वारबुर्गला १९३१ साली नोबेल मिळालं.

म्हणजे एकाच ग्रीक माणसाचे दोन शब्द, एकाच प्राण्यावर काम करणाऱ्या दोघांनी वाटून घेतले. पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपते. वारबुर्ग जिंकला, ड्रीश हरला. आम्हीही तशीच संपवत होतो.

पण ड्रीशचं म्हणणं नीट वाचलं पाहिजे. त्याच्यावर पहिला आक्षेप हाच होता, की तुमची एन्टेलेकी ऊर्जा निर्माण करत असेल तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडतो. त्यावर त्याचं उत्तर सूक्ष्म होतं. एन्टेलेकी ऊर्जा देत नाही, असं तो म्हणाला. पेशीत ज्या घटना घडू शकतात, त्यांना ती रोखून धरते, आणि योग्य वेळी तो रोध सैल करते. बस, इतकंच तिचं काम. हे वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता शुक्राणूकडे वळू. त्याची रचना अगदी काटकसरीची आहे. पुढे निमुळतं डोकं, त्यात केंद्रक. डोक्याच्या तळाशी एकच एक तंतुकणिका, म्हणजे पेशीतली भट्टी. आणि मागे शेपटी, तिला कशाभिका म्हणतात. तिची लांबी मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षाही जरा कमीच. यापलीकडे सामान जवळजवळ नाही. म्हणून ऊर्जेचा हिशेब करायला याच्याइतकी सोयीची पेशी नाही. मिळवणारा एक, खर्च करणारी एक, आणि मधला रस्ता.

हिशेबाचा पहिला प्रश्न, इंधन कोणतं? १९२८ साली केंब्रिजच्या जेम्स ग्रे यांनी दाखवलं, की वीर्य जितकं पातळ करावं तितकं दर शुक्राणूमागे श्वसन वाढतं, आणि आयुष्य तितकं लवकर सरतं. म्हणजे शिदोरी ठरावीक आहे. उधळली तर लवकर संपणार.

ती शिदोरी कसली, हे शोधण्यात पुढाकार होता व्हिक्टर रॉथ्सचाइल्ड यांचा. हा माणूस वेगळाच. नामवंत सावकारी घराण्याचा वारस, पण पेढीऐवजी केंब्रिजमध्ये अर्चिनचे शुक्राणू मोजत बसलेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यात घातपातविरोधी काम केलं. कांद्यांच्या पेटीत दडवलेला जर्मन बॉम्ब स्वतःच्या हाताने निकामी केला, आणि १९४४ साली जॉर्ज पदक मिळवलं. युद्धानंतर परत अर्चिनकडे. १९५२ साली त्यांनी क्लेलंड यांच्यासोबत दाखवलं, की या शुक्राणूत साखरेचा साठा नगण्य आहे. तो पोहतो तसतसे कमी होत जातात ते फॉस्फोलिपिड, म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ, आणि तेही तंतुकणिका असलेल्या मध्यभागातले. सस्तन प्राण्यांचा शुक्राणू वीर्यातली फ्रुक्टोज ही साखर वापरतो, हे टाडेउश मान यांनी १९४६ मध्ये दाखवलं होतं. अर्चिनचं तसं नाही. समुद्रात कोण साखर देणार? हा घरून बांधून आणलेल्या तेलावर चालतो. पुढे जपानमध्ये हिदेओ मोहरी आणि त्यांच्यानंतर मासातोशी मिता यांनी हे काम तपशिलात नेलं.

दुसरा प्रश्न, यंत्र कोणतं? इथे थोडं मागं जावं लागेल. पाश्चर यांचं मत होतं की आंबणं ही जिवंत यीस्टचीच क्रिया. १८९७ साली एदुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर कुटून रस काढला, आणि त्या रसात एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबली. 'एन्झाइम' या शब्दाचा अर्थच मुळी 'यीस्टमधलं'. आपण त्याला विकर म्हणतो. बुखनरनी जे आंबण्याचं केलं, ते पोहण्याचं करता येईल का? म्हणजे पेशी मारून तिचं पोहणं चालू ठेवता येईल का?

१९५५ मध्ये जर्मनीत होफमान-बेर्लिंग यांनी शुक्राणूंच्या शेपट्या ग्लिसरीनने धुऊन त्यांतली विद्राव्य द्रव्यं काढून टाकली आणि वर एटीपी टाकलं. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलन. शेपट्या हलल्या. १९६५ साली इयन गिबन्स आणि रो यांनी हलणाऱ्या केसांतून, म्हणजे सिलियांतून, एटीपी तोडणारं प्रथिन वेगळं काढून त्याचं नाव ठेवलं 'डायनिन', बल मोजण्याच्या 'डाइन' या एककावरून. १९६८ मध्ये मोहरी यांनी शुक्राणूच्या शेपटीतल्या सूक्ष्मनलिकांच्या प्रथिनाला 'ट्युब्युलिन' हे नाव दिलं. आज ते दर पाठ्यपुस्तकात आहे.

गिबन्स पुढे हवाईला गेले. तिथल्या अर्चिनवर बार्बरा आणि इयन गिबन्स या पतिपत्नींनी १९७२ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो आमच्या मते तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवायला हवा. त्यांनी एका साबणासारख्या द्रव्याने शुक्राणूचं पेशीपटल पूर्ण विरघळवलं. आतलं सगळं बाहेर. उरला नुसता सांगाडा. मग त्यात एटीपी घातलं. सांगाडे पोहू लागले, जवळजवळ जिवंत शुक्राणूसारखेच, सेकंदाला तीसेक लाटा मारत. त्याआधीच्या वर्षी समर्स आणि गिबन्स यांनी दाखवलं होतं, की शेपटीतल्या नलिकांचे सांधे एका पाचक विकराने सैल केले आणि एटीपी दिलं, तर त्या एकमेकींवरून घसरत लांब होतात. म्हणजे शेपटीतलं काही आखडत नाही. डायनिन शेजारच्या नलिकेला पुढे ढकलतं, आणि त्या घसरण्याला आवर घातल्यामुळे वाक येतो.

मंडळी, इथे जरा थांबू. तो सांगाडा पोहतो. पण तो जिवंत आहे का? तो अंड्याच्या दिशेने वळणार नाही. एटीपी आहे तोवर पोहत राहील आणि संपलं की थांबेल. आणि बर्फावरचा शुक्राणू मुळीच हलत नाही, पण तो जिवंत आहे, हे आपण जाणतो. म्हणजे हालचाल ही जिवंतपणाची खूण धरून चालत आलो, तिथेच आपली चूक होती.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. एटीपी तयार होतं डोक्याच्या बुडाशी. खर्च होतं शेपटीच्या टोकापर्यंत. मधे दुसरी भट्टी नाही. एवढ्या वेगाने खर्च चालू असताना टोकापर्यंत माल पोचतो कसा?

याचं उत्तर समजायला आपल्या बाजारातली हुंडी आठवावी. जुना सावकार पुण्याहून सुरतेला रोकड पाठवत नसे. इथे पैसे भरून हुंडी घ्यायची, तिथे ती वटवायची. सिएटलमध्ये बेनेट शॅपिरो यांच्या गटाने १९८५ साली दाखवलं, की अर्चिनच्या शुक्राणूत असंच चालतं. तंतुकणिकेपाशी एटीपीवरचा फॉस्फेट क्रिएटिन नावाच्या लहान रेणूवर चढवला जातो. तयार झालेलं फॉस्फोक्रिएटिन शेपटीत पसरतं. तिथे त्याच जातीचं दुसरं विकर, म्हणजे शेपटीतलं क्रिएटिन कायनेज, तो फॉस्फेट उतरवून जागेवरच एटीपी करून देतं. मोकळं क्रिएटिन परत. हुंडी लिहिणारी पेढी एक, वटवणारी दुसरी. हे विकर बंद पाडणारं रसायन दिलं, तर लाट शेपटीच्या मुळाशी नीट उठायची आणि टोकाकडे जाता जाता विरून जायची. पेढी मिटली की टोकाला उपासमार. १९९० साली असंही कळलं, की शेपटीतलं हे विकर एकाच जनुकाच्या तीन प्रती जोडून झालेलं आहे.

या कथेत एक भारतीय माणूस आहे, त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. फॉस्फोक्रिएटिन ओळखलं गेलं ते १९२७ साली, हार्वर्डमध्ये, सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडून. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, याच दोघांना एटीपीही सापडलं. तिकडे जर्मनीत कार्ल लोमान यांनाही त्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडलं. चलन आणि हुंडी, दोन्हींच्या शोधात त्यांचा हात आहे. त्यांचं काम स्नायूंवर होतं. ते समुद्रातल्या शेपटीत उगवलं, तोवर सुब्बारावांना जाऊन सदतीस वर्षं झाली होती.

आता मूळ कोडं. इंधन आहे, यंत्र आहे, रस्ता आहे. मग कोरड्या वीर्यात हे सगळं गप्प का? रॉथ्सचाइल्ड यांनी १९४८ साली ऑक्सिजनच्या अभावाकडे बोट दाखवलं होतं. दाट वीर्यात ऑक्सिजन कमी असतो हे खरं, पण तेवढ्याने भागत नव्हतं. उत्तर आलं ते १९८०च्या दशकाच्या आरंभी, आणि ते अनपेक्षित होतं. उत्तर होतं आम्लता.

शाळेत आपण सामू शिकलो. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. समुद्राचं पाणी आठच्या आसपास असतं. निजलेल्या शुक्राणूच्या आतला सामू सातच्या खाली असतो. पाण्यात पडल्यावर पेशीपटलातून सोडियम आत येतो, त्याच्या बदल्यात आम्लाचे प्रोटॉन बाहेर जातात, आणि आतला सामू सातच्या वर चढतो. सोडियम नसलेल्या पाण्यात शुक्राणू सोडला तर तो उठत नाही. त्यात थोडा अमोनिया मिसळून आतली आम्लता कमी केली, की सोडियमशिवायही उठतो. डायनिनचा स्वभावच असा, की आम्ल वातावरणात ते एटीपी तोडत नाही, आम्लता उतरली की तोडायला लागतं. आणि वीर्यात ही आम्लता टिकवणारा कोण? १९८३ साली जॉन्सन, एपेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो उडून जाणारा पदार्थ आहे, साधा कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरून गेला की शुक्राणू जागा होतो.

आता क्रम बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. आपल्याला वाटतं, की आधी भट्टी पेटते, ऊर्जा तयार होते, मग शेपटी हलते. इथे उलट आहे. आधी शेपटीतलं डायनिन सुटतं आणि साठलेलं एटीपी खर्च करतं. खर्चातून एडीपी, म्हणजे रिकामं चलन, उरतं. ते तंतुकणिकेपाशी पोचतं, आणि त्या मागणीमुळे श्वसन वाढतं. मोकळ्या तंतुकणिकांचं श्वसन एडीपीच्या पुरवठ्यावर चालतं, हे चान्स आणि विल्यम्स यांनी १९५५ मध्ये दाखवलं होतंच. अर्चिनच्या शुक्राणूत तो नियम अख्ख्या पेशीचा दिनक्रम झालेला दिसतो. खर्च आधी, कमाई मागून. आमच्यासारख्या पेन्शनरला हे पटायला जरा वेळ लागतो, पण पेशीचा व्यवहार असा आहे.

अंड्याचाही यात वाटा आहे. १९८१ साली जपानमध्ये नोरिओ सुझुकी यांनी आणि अमेरिकेत हान्सब्रो व गार्बर्स यांनी अंड्याभोवतीच्या चिकट आवरणातून दहा अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू वेगळा केला. त्याला 'स्पेरॅक्ट' म्हणतात. पाणी मुद्दाम आम्लधर्मी करून शुक्राणू मंदावला, तर हा रेणू त्याचं श्वसन पुन्हा वाढवतो. तोही इंधन देत नाही. आतली आम्लता उतरवतो. अंड्याकडून जाते ती शिदोरी नव्हे, नुसती हाक.

आता आपण न्यायशास्त्राकडे येऊ. 'न्यायसिद्धान्तमुक्तावली' वाचलेल्यांना अग्नी आणि मण्याचा वाद आठवेल. अग्नी जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर जाळत नाही. मणी दूर केला की पुन्हा जाळतो. अग्नी तर तोच आहे. मग काय बदललं? मीमांसक म्हणतात, अग्नीत दाह करण्याची 'शक्ती' नावाचा वेगळा पदार्थ मानला पाहिजे. मणी ती शक्ती नष्ट करतो, मणी काढला की ती पुन्हा येते. नैयायिक म्हणतात, वेगळी शक्ती मानण्याचं कारण नाही. दाहाच्या कारणांत एक कारण आणखी मोजा, 'प्रतिबंधकाभाव', म्हणजे अडवणाऱ्या वस्तूचं नसणं. ते नसणं हेही कार्याच्या कारणांपैकीच एक.

तरुणपणी आम्हाला हा वाद शब्दांची कसरत वाटायचा. आता वाटत नाही. ॲरिस्टॉटलपासून शंभर वर्षांपूर्वीपर्यंत सगळे विचारत होते, की बीजात काय घातलं जातं म्हणजे ते चालू होतं? श्वास, जीवनशक्ती, ऊब, प्रेरणा. अर्चिनने दाखवलं की या पहिल्या उठण्यात काहीच घातलं जात नाही, काहीतरी काढलं जातं. कार्बन डायऑक्साइड हा मणी आहे. तो दूर झाला, अग्नी आपलं काम करू लागला. बाजू नैयायिकांची बरोबर निघाली.

आणि आता ड्रीशचं ते वाक्य आठवा. ऊर्जा देणं नव्हे, रोखून धरणं आणि रोध सैल करणं, हेच सजीवाचं वैशिष्ट्य, असं तो म्हणत होता. निदान शुक्राणूच्या बाबतीत त्याने कामाचं वर्णन बरोबर केलं. चुकला तो काम करणाऱ्याचं नाव सांगताना. तिथे त्याने एन्टेलेकी बसवली. प्रत्यक्षात तिथे एक वायू, सोडियम आत घेणारं एक दार आणि आम्लतेला लाजणारं एक विकर होतं. ही चूक लहान नाही, कारण एन्टेलेकी मोजता येत नाही आणि सामू मोजता येतो. ज्याला मोजता येतं त्याचंच पुढचं पान लिहिलं जातं. पण त्याची निरीक्षणं आणि त्याचा प्रश्न फेकून देण्यासारखे नव्हते. अर्ध्या अंड्यापासून पूर्ण डिंभ कसा होतो, याचा तपशील जनुकांच्या भाषेत लिहिणं त्याच प्राण्यावर पुढे शंभर वर्षं चाललं. २००६ साली अर्चिनचा जीनोम प्रसिद्ध झाला तो त्याच वाटेवरचा.

या दोन माणसांच्या शेवटाबद्दल एक वाक्य. ड्रीश शांततावादी होता. स्वतः ज्यू नसूनही नाझींनी १९३३ मध्ये ज्यांना सक्तीने निवृत्त केलं, त्या पहिल्या प्राध्यापकांत तो होता. वारबुर्गचे वडील ज्यू घराण्यातले, तरी तो बर्लिनमध्येच राहिला आणि काम करत राहिला. दोघांच्या मतांवरून त्यांच्या नशिबाचा अंदाज कुणाला करता आला नसता. मतं तपासताना माणसांना हरलेले आणि जिंकलेले अशा दोन ओळींत उभं करू नये, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊन थांबतो. बर्फावरचा शुक्राणू जिवंत की मेलेला? जिवंत. कारण त्याचं पेशीपटल शाबूत आहे. आत एक, बाहेर एक असा फरक त्याने धरून ठेवलाय, आणि शिदोरी न उधळता तो वेळेची वाट पाहतोय. गिबन्स यांचा सांगाडा पोहतो, पण त्याच्याकडे धरून ठेवायला काही उरलेलं नाही. वाट पाहणं त्याला जमत नाही. ॲरिस्टॉटलनेही आत्म्याची तुलना जागेपणापेक्षा झोपेशी जास्त केली होती. ज्ञान वापरत नसतानाही ते जवळ असणं, ही त्याची उपमा. ते आम्ही कित्येकदा शिकवलं, पण समजलं ते या काटेरी प्राण्यामुळे.

तो विद्यार्थी आज कुठे आहे आम्हाला ठाऊक नाही. हे त्याच्या वाचनात आलं, तर त्याने उत्तर तपासून पाहावं आणि चूक असेल तर कळवावं. तुमच्यापैकी जीवरसायनाचे जे कुणी आहेत, त्यांनीही. प्रश्नांसाठी अजून वीस मिनिटं आहेत.